शिरोडकर कुठे गेली?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी मौजेने २००४ साली प्रसिद्ध केली. वीस वर्षे उलटून गेली तरी वाचनालयातल्या तिच्या प्रतीची पाने सुटलेली दिसतात. एवढ्या हातांतून ती फिरते. सुजय डहाके यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये आला. त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ज्यांनी कादंबरी कधी हातात धरली नव्हती, त्यांनाही जोशी आणि शिरोडकर ही जोडी माहीत झाली. कादंबरी वाचून संपवलेला तरुण वाचक मात्र हटकून एक तक्रार करतो. पुढे काय झाले? ती त्याला पुन्हा भेटली की नाही? लेखकाने दुसरा भाग का लिहिला नाही?

जाणकार समीक्षक अशा तक्रारीकडे हसून दुर्लक्ष करतात. भाबड्या वाचकाला गोड शेवट लागतो, असे म्हणून विषय मिटवतात. मला ती तक्रार भाबडी वाटत नाही. प्रेम, ताटातूट आणि पुनर्भेट या तीन पायऱ्यांची गोष्ट माणूस हजारो वर्षे सांगत आला आहे. तिसरी पायरी काढून घेतली की वाचकाला पाय टेकायला जागा राहत नाही. बोकीलांनी ती का काढून घेतली, आणि ती काढून घेतल्याने आपल्यासारख्या वाचकांसमोर कोणता प्रश्न उभा राहतो, एवढेच इथे पाहायचे आहे.

कथानक असे फार नाही. काळ आणीबाणीचा. निमशहरी गाव. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा जमवतात. नाव अभ्यासाचे, गप्पा पोरींच्या. कोण कुणाला 'लाईन' देते, याचा हिशोब गणिताच्या वहीपेक्षा चोख ठेवलेला. जोशीच्या मनात शिरोडकर आहे. तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून तो ज्या युक्त्या लढवतो, त्यातच कादंबरीची निम्मी पाने जातात आणि ती पाने अवीट आहेत. भाषा पोराची आहे, मोठ्या माणसाने पोराच्या तोंडी घातलेली नाही. मराठीत बालपणावर लिहिणारे बहुतेक लेखक आपल्या बालपणाकडे चष्मा पुसून, जरा ओलसर डोळ्यांनी पाहतात. बोकील तसे पाहत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढे कळते तेवढेच ते आपल्याला कळू देतात.

आणि मग ती जाते. तिच्या वडिलांची बदली होते. कुणी खलनायक नाही, कुणी चिठ्ठी पकडली नाही, कुणी वाड्यात कोंडून ठेवले नाही. कुठल्या तरी कचेरीत एक आदेश निघाला आणि एक घर दुसऱ्या गावी गेले. ज्याने तो कागद टंकलिखित केला, त्याला त्याने काय मोडले याची कल्पनाही नसणार. मराठी कादंबरीत प्रेमभंगाची कारणे पुष्कळ आली आहेत, श्रीमंत बाप, क्षयरोग, गैरसमज. पण बदलीचा आदेश इतक्या परिणामकारकपणे क्वचितच आला असेल. आणीबाणी या पोरांच्या जगात मोठ्यांच्या दबक्या आवाजांतून येते. बदली मात्र थेट छातीवर येते. चौकडीही फुटते. पुढे दहावीचे वर्ष आ वासून उभे असते आणि कादंबरी तिथे थांबते.

मुद्दा असा आहे की, पुनर्भेट लिहिण्यासाठी शिरोडकर कुठे गेली, तिला काय वाटले, तिने नव्या शाळेत पहिल्या दिवशी कुणाच्या शेजारी दप्तर ठेवले, हे ठाऊक असावे लागते. जोशीला ते ठाऊक नाही. सबंध कादंबरीभर त्याने तिचे डोळे, तिची चाल, तिचे मान वळवणे वाचले. ते वाचन किती खरे होते याचा दाखला त्याच्याकडे नाही. तिचे नावही तो मनात आडनावानेच घेतो. बोकीलांचा प्रामाणिकपणा इथे आहे. त्यांनी पुढचा भाग लिहिला असता तर तो जोशीच्या बाजूनेच लिहावा लागला असता आणि मग शिरोडकर ही त्याला मिळालेले बक्षीस झाली असती. निवेदकाची माहिती जिथे संपते, तिथे लेखकाने पाटी पुसली. हे कलेच्या दृष्टीने योग्य आहे. पण या योग्य निर्णयात एक मुलगी हरवली, हेही तितकेच खरे आहे.

या कादंबरीतच आणखी एक प्रकरण आहे. सुऱ्या हा जोशीचा दांडगा मित्र. तो युक्त्याबिक्त्या लढवत बसत नाही. त्याला आवडणाऱ्या मुलीला, केवडाला, सरळ विचारून मोकळा होतो. प्रकरण मोठ्या माणसांपर्यंत जाते आणि अंगाशी येते. वाचताना आपण सुऱ्याची कीव करतो, थोडे हसतोही. त्या मुलीवर त्या आठवड्यात काय गुदरले असेल, हा विचार पहिल्या वाचनात मनात येत नाही. दुसऱ्या वाचनात येतो. ज्या कादंबरीत दुसऱ्या वाचनासाठी अशा जागा शिल्लक राहतात, ती मोठी कादंबरी.

आता थोडे आमच्या ईटबद्दल. ईट हे भूम तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगररांगांतले गाव. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दूध आणि खव्याच्या भट्ट्यांवर पुष्कळ घरांची चूल पेटते, आणि ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांची कोयत्यावर. या भागातल्या शाळकरी पोरांना 'शाळा' वाचायला दिली की त्यांना ती आवडते, पण बदलीपाशी ती अडखळतात. वडिलांची बदली व्हायला वडील आधी नोकरीत असावे लागतात. इथली ताटातूट वेगळी आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. त्यांत मराठा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत, आपल्या समाजाचीही घरे आहेत. वर्गातला एखादा बाक रिकामा होतो. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते. म्हणजे पुनर्भेट इथे दरवर्षी होते. पण परत आलेली मुलगी तीच असते असे नाही. फडावर मुलगी एकटी कशी ठेवायची आणि गावात तरी कुणाच्या भरवशावर सोडायची, या धास्तीने आईबाप वय पुरे होण्याआधीच तिचे लग्न उरकतात. चैत्रात बाक भरला नाही तर कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळलेले असते.

आणि सुऱ्याच्या प्रकरणाचे काय? आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा आहे. मराठे आणि निजाम यांच्या १७९५ च्या लढाईसाठी ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी याच खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. उच्च मानल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, हा त्याचा गुन्हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने नऊ आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फितूर झाले होते. हे ठाऊक असलेला इथला वाचक 'शाळा' वाचतो तेव्हा जोशीच्या धडधडणाऱ्या छातीचा आवाज त्याला निराळा ऐकू येतो. जोशीला भीती आहे ती नकाराची, फार तर हेडमास्तरांच्या छडीची. ही त्या कादंबरीची मर्यादा म्हणा किंवा तिच्यातल्या घरांचे सुदैव म्हणा. लेखकाला मी दोष देणार नाही. त्याने आपल्या ओळखीच्या पेठेबद्दल लिहिले. इथले लिहायला इथला लेखक हवा.

तसा एक आला. त्याने कादंबरी लिहिली नाही, चित्रपट काढला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणजे आमच्या परंड्याच्या पलीकडचे. 'सैराट' (२०१६) ची गोष्ट सांगत बसत नाही, ती सर्वांना पाठ आहे. एकच गोष्ट नोंदवतो. परश्याचा मित्र सल्या, सलीम. जिवाला जीव देणारा, निरोप पोचवणारा, मार खाणारा. प्रेक्षकांनी त्याच्यावर जीव टाकला, आपणही टाकला. आपला पोरगा पडद्यावर इतक्या मोकळेपणी, टोपी-सुरम्याशिवाय, नुसता पोरगा म्हणून दिसल्याचे समाधान कमी नव्हते. पण मराठी प्रेमकथेत सलीम असतो तो बहुधा याच जागी. उर्दू गजलेत ज्याला कासिद म्हणतात, तो. प्रियकराचे पत्र प्रेयसीच्या दारापर्यंत नेणारा आणि दारातूनच परतणारा. सल्याचे कुणावर मन बसले होते की नाही, हे आपल्याला कळत नाही. सलमा असेल तर ती कुठल्या बाकावर बसते हेही कळत नाही. 'शाळे'तल्या पोरांनी पोरींना आडनावाने हाक मारावी याचे शहरी वाचकाला कौतुक वाटते. आमच्याकडच्या हजेरीपटावर एका वर्गात चार शेख आणि दोन पठाण असतात. मास्तर 'शेख मोठा', 'शेख बारका', 'चष्म्याची शेख' अशी विल्हेवाट लावतात. त्या चष्म्याच्या शेखवर कादंबरी कुणी लिहिली?

पुनर्भेटीकडे वळू. लोकप्रिय मराठी चित्रपटाने वाचकांची ती जुनी तक्रार आपल्या पद्धतीने निकाली काढली. रवी जाधव यांच्या 'टाइमपास' (२०१४) मध्ये दगडू आणि प्राजक्ता यांची ताटातूट झाली, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात, गोष्टीतली बरीच वर्षे मध्ये टाकून, त्यांची भेट घडवली गेली. शोध घेतो तो नायक. नायिका असते. तिच्या नशिबात वाट पाहणे लिहिलेले. थोराड दगडूच्या भूमिकेत प्रियदर्शन जाधव होते. योगायोग पाहा, हेच प्रियदर्शन जाधव 'हलाल' या चित्रपटात पुन्हा आपल्या जुन्या जोडीदारणीकडे परतू पाहणारा पुरुष झाले. राजन खान यांच्या कथेवरचा हा चित्रपट शिवाजी लोटन पाटील यांनी दिग्दर्शित केला आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला होता, त्यामुळे तेव्हाची चर्चा सगळी कायद्याभोवती फिरली. कोण समाजाच्या बाजूचा, कोण विरोधात, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. प्रेमकथा म्हणून 'हलाल'कडे फारसे कुणी पाहिले नाही. वास्तविक ती ताटातूट आणि पुनर्भेट यांचीच गोष्ट आहे. तलाक दिलेल्या बायकोला नवरा पुन्हा नांदवायला तयार आहे. पण पंच म्हणतात, आधी तिचा दुसऱ्याशी निकाह व्हायला हवा, आणि ती जबाबदारी गावच्या मौलानावर येऊन पडते. 'टाइमपास'च्या नायकाला पुनर्भेटीसाठी शोधाशोध करावी लागली. इथे नवऱ्याला पंचायत पार करावी लागते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. तुला परत जायचे आहे का, हे त्या बाईला विचारण्याचे गाड्याला शेवटी सुचते. फरक एवढाच की 'हलाल'ला हे कळलेले आहे. तिला कुणी विचारत नाही, हाच त्या कथेचा विषय आहे. 'टाइमपास'ला तसा प्रश्नच पडत नाही. राजन खान यांच्याविषयी आपल्यात उलटसुलट मते आहेत, ती असोत. पण मुसलमान बाईच्या मनाला दोन पुरुषांमध्ये उभे करून, आता हिला काय वाटत असेल, असे वाचकाला विचारायला लावणारा हा लेखक आहे, एवढे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे.

यावर कुणी म्हणेल, बाईच्या बाजूने प्रेमाची गोष्ट सांगणे ही नव्या काळाची मागणी आहे, आपल्या परंपरेत ती कुठून येणार? तसे नाही. आमच्या परंडा किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली, हे इथल्या पोराटोरांना माहीत असते. तिच्याच वाटेने जरा विजापूरला जाऊन येऊ. तिथे दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारात नुसरती नावाचा दखनी कवी होता. १६५७ साली त्याने 'गुलशन-ए-इश्क' ही मसनवी पुरी केली. राजपुत्र मनोहर आणि मधुमालती यांची ही कथा. मूळ कथा नुसरतीची नाही; त्याच्या शंभरेक वर्षे आधी अवधीत मंझन याने 'मधुमालती' लिहिली होती. प्रेम बसते, वियोग होतो, आणि संतापलेली आई मंत्राने मधुमालतीचा पक्षी करून टाकते. आता पाहा. पक्षी झालेली ती मुलगी फांदीवर बसून रडत राहत नाही. ती उडते, आपल्या माणसाच्या शोधात देशोदेशी फिरते. आईने शिक्षा म्हणून दिलेले पंख तिने शोधासाठी वापरले. अखेरीस भेट होते ती या भ्रमंतीमुळे. बुऱ्हाणपूर, औरंगाबाद, विजापूर, गोवळकोंडा या टापूत जी दखनी घराघरांत बोलली जात होती, आणि जिचे मोडकेतोडके रूप आजही आपल्या आजीच्या तोंडी आहे, त्या भाषेतली ही गोष्ट. आपण ती विसरलो. उर्दूच्या पाठ्यपुस्तकांना ती फार देशी वाटली आणि मराठीच्या पाठ्यपुस्तकांना फार परकी.

याच जिल्ह्यातल्या नळदुर्गाचे नाव लोक नळराजाशी जोडतात. नळाला शोधून काढण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवणारी दमयंतीच होती, आणि ती कथा इतकी सर्वांची होती की अकबराच्या दरबारातल्या फैजीला १५९४ च्या सुमारास फारसीत 'नल-दमन' लिहावेसे वाटले. म्हणजे जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन किल्ले आणि दोन्हींच्या वाटेवर पुनर्भेट स्वतः घडवून आणणाऱ्या दोन बायका. यातून मी कसलाही सिद्धांत काढत नाही. पण प्रेमकथेत मुलीने वाट पाहायची असते, हा संकेत फार प्राचीन आहे असे कुणी सांगू लागले तर त्याला एवढे ऐकवता येते.

मग आपण काय लिहिले? १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखनाने पुष्कळ काही पेलले. दंगली, संशय, दारिद्र्य, तलाक, मोहल्ल्यातली घुसमट. त्याआधी हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) ने कोकणातल्या एका गावाचे अंतरंग उघडे केले होते आणि त्याची किंमतही मोजली होती. या सगळ्यात प्रेम हा ऐषारामाचा विषय मानला गेला. घर जळत असताना गुलाबाला पाणी कोण घालतो, असा काहीसा भाव. मला हे समजते, पण पटत नाही. आपल्या कथांतली मुसलमान मुलगी बहुतेक वेळा समस्या घेऊनच दारात उभी राहते. हातात तलाकनामा असतो, नाही तर हुंड्याची यादी. तिचे एखाद्या मुलावर मन बसले आणि ते फसले, तिने आठ दिवस जेवण टाकले आणि नवव्या दिवशी पुन्हा कालवणाला फोडणी दिली, एवढीच गोष्ट तिच्या वाट्याला येत नाही. ज्याला साधा प्रेमभंगही लिहून मिळत नाही, त्याला वाचक पूर्ण माणूस कसा मानणार? बाहेरचा वाचक आपल्याला ओळखत नाही, ही आपली जुनी तक्रार. त्याला ओळखायला आपण काय दिले, तर निवेदने. जोशीने त्याला नववीचा एक वर्ग दिला आणि साऱ्या महाराष्ट्राने तो आपला मानला.

अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. 'लव्ह जिहाद' हा शब्द वर्तमानपत्रांत आल्यापासून आपल्या मुलाचे प्रेम लिहिणे जोखमीचे झाले आहे. नायिका हिंदू असेल तर एका बाजूचे लोक येतील, नायिका मुसलमान असेल तर आपलेच लोक येतील, इज्जतीचा सवाल घेऊन. प्रकाशकही हल्ली हस्तलिखित वाचण्याआधी नायक-नायिकांची नावे विचारतात. सल्याला कासिद ठेवणे सर्वांच्या सोयीचे आहे. त्याला निरोप दिला की तो पोचवतो. त्याने स्वतःसाठी चिठ्ठी लिहिली तर गावात काय होईल, ते खर्ड्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

तरी शिरोडकरचा प्रश्न उरतोच. 'शाळा' पुन्हा उघडताना मी अलीकडे शेवटच्या पानांपाशी थांबत नाही. मधली पाने चाळतो, जिथे ती जोशीशी मोजके दोन शब्द बोलते आणि तो त्यांचा चार दिवस अर्थ लावत बसतो. ती फार थोडे बोलते आणि जे बोलते ते सरळ असते. त्याच्यासारखे डावपेच तिच्या बोलण्यात नाहीत. निघण्याच्या दिवशी सामान बांधताना तिने कुठली वही वर ठेवली आणि कुठली तळाशी दडवली, ते बोकीलांनी लिहिले नाही. ईटच्या एखाद्या घरात, खव्याच्या भट्टीवरून उठून दहावीचा अभ्यास करणाऱ्या चष्म्याच्या शेखला ते कदाचित माहीत असेल.